कोई शक? पलटणीतल्या उस्तादांना आणि सुभेदार साहेबांना खुले पत्र

पलटणीतल्या सर्व हवालदार, नायब सुभेदार आणि सुभेदार साहेबांस राम राम.

मी 1990 साली शिपाई म्हणून भरती झालो आणि 2018 साली सुभेदार होऊन घरी आलो, वयाच्या 46 व्या वर्षी. आता पारोळा तालुक्यात, बोरी नदीकाठी, घरची कपाशी आणि मका बघतो. पहाटे पाचला मात्र पाय शेताकडे वळत नाहीत. गावाबाहेरच्या गायरानात चुन्याने 400 मीटरचा गोल आखला आहे, तिथे भरतीची तयारी करणारी पोरं जमतात. चार फेऱ्या म्हणजे 1600 मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण 60 मार्क, उशीर होईल तसे कमी, फारच उशीर झाला तर घरचा रस्ता. मग बीम, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग. यातली काही पोरं अग्निवीर झाली, म्हणजे चार वर्षांच्या बोलीवरचे शिपाई. सुट्टीवर आली की संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात, पलटणीच्या गोष्टी सांगतात. माझंही मन भरतं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असाच एक आला. गल्लीत निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी चाललेली, आणि हा माझ्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मैदानावर सगळ्यात जास्त बडबड करणारा पोरगा होता हा. मी विचारलं, उस्ताद कसा आहे रे तुझा? (पोरांना शिकवणारा हवालदार तो उस्ताद.) तो म्हणाला, "उस्ताद चांगला शे आप्पा. पन तो मनाकडे देखस तवय माले वाटस, मार्क दी ऱ्हायना."

उस्ताद चांगला आहे, पण माझ्याकडे बघतो तेव्हा मार्क देतोय असंच वाटतं. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं त्याने. मग मी विचारलं, ब्रीफिंगनंतर "कोई शक?" विचारतात तेव्हा तू काही विचारतोस का? त्याने मान हलवली. नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 28 वर्षांत "कोई शक?" हा प्रश्न मी हजार वेळा ऐकला आणि हजार वेळा विचारला. बहुतेक वेळा समोरून एकच उत्तर येतं, "नहीं साब". मीही गप्प बसलो होतो, वेगवेगळ्या वयात, आणि प्रत्येक वयातलं माझं गप्प बसणं वेगळं होतं. ते तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र. तुमच्यातले बहुतेक जण आज 35 ते 48 च्या दरम्यान असतील, आणि तुमच्या समोर फॉलिन होणारी, रांगेत उभी राहणारी पोरं 19-20 ची.

आधी माझं 19 वं वर्ष. घरातून निघताना वडिलांनी एकच सांगितलं होतं, "मोठासना तोंडे लागानं नही." मोठ्यांच्या तोंडी लागायचं नाही. फौजेत गेल्यावर मला ते सोपं गेलं, कारण तिथले मोठे मला देवासारखे वाटायचे. 1991 च्या हिवाळ्यात आम्ही एलओसीवर होतो. आमचा प्लाटून कमांडर होता एक सेकंड लेफ्टनंट, वय 23. चढ चढताना तो सगळ्यांच्या पुढे असायचा, पाठीवर आमच्याइतकाच पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी. रात्री बंकरमध्ये टॉर्च घेऊन यायचा आणि एकेकाला बूट काढायला लावून पायाची बोटं बघायचा, काळीनिळी पडलीत का. मोजे ओले असले तर स्वतःच्या हाताने स्टोव्हवर टांगायचा. जेवायला सगळ्यांच्या शेवटी. त्याने सांगितलं असतं की या कड्यावरून उडी मार, तर मी विचारलं नसतं की खाली काय आहे.

त्या वयात मी नेत्याकडे डोकं मागितलं नाही, न्यायही मागितला नाही. तो माझ्या पुढे पळतो का आणि माझ्याकडे बघतो का, एवढंच मला हवं होतं. माझं "नहीं साब" हे भक्तीचं होतं. त्यात धोका होता हे मला फार उशिरा कळलं. भक्त शंका विचारत नाही, आणि शंका विचारणारा एखादा तरी लागतो.

मग दहा वर्षांनी मी नाईक होतो, वय 29, लग्न झालेलं, बायको पोटुशी. डिसेंबर 2001 मध्ये मी सुट्टीवर गावी होतो. 13 तारखेला संसदेवर हल्ला झाला आणि चार-पाच दिवसांत तार आली, ताबडतोब हजर व्हा. अमळनेरहून सुरतेची गाडी धरली आणि तिथून पुढे राजस्थान. ऑपरेशन पराक्रम. दहा महिने फौज सीमेवर उभी होती. मुलगी फेब्रुवारीत झाली, मी तिला पाहिलं ऑगस्टात. त्या वर्षी कपाशीला बोंडअळी लागली होती, वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, आणि मी वाळूत सुरुंग पेरत होतो.

सांगायचं ते असं, की त्या दहा महिन्यांत कोण माझ्या पुढे पळतो याचं मला काहीही राहिलं नव्हतं. आधीच्या कंपनी कमांडरकडे सुट्टी मिळायची ती त्याच्या मर्जीतल्यांना. लंगरात, जवानांच्या जेवणाच्या जागी, त्याचीच कुजबुज चालायची. मग नवा मेजर आला. अंगाने जड, पळण्यात आमच्या निम्म्या पोरांच्या मागे. त्याने पहिल्याच आठवड्यात लंगराच्या भिंतीला एक फळा लावला आणि त्यावर खडूने सुट्टीचा क्रम लिहिला. कोण कधी जाणार, कोणाच्या घरी काय अडचण, कोणाचा नंबर का पुढे घेतला, सगळं रोल कॉलला मोठ्याने वाचलं. माझा नंबर ऑगस्टात होता. एप्रिलमध्ये मिळाला असता तर बरं झालं असतं, पण मला राग आला नाही. माझ्या आधीच्यांची नावं मी वाचली होती, कारणं ऐकली होती. त्या मेजरसाठी मी आगीत गेलो असतो.

19 ला मी त्याला कदाचित हसलो असतो, हा काय पळतो म्हणून. 29 ला तोच माझा सगळ्यात चांगला साहेब. माणूस तोच, पलटण तीच, नेत्याकडे बघायची नजर तेवढी बदललेली. घर पाठीला लागलं की माणूस साहेबात वीर शोधत नाही, न्याय शोधतो. आणि "कोई शक?" ला तेव्हाही मी गप्पच असायचो, कारण माझं अर्धं चित्त पारोळ्याच्या दवाखान्यात आणि बापाच्या सातबाऱ्यात असायचं.

आता 40. हे सांगायला मला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

2012 साल. मी नायब सुभेदार. आम्ही ईशान्येत होतो, पावसाळा सुरू झालेला. आमच्याकडे अकादमीतून निघालेला एक लेफ्टनंट आला, वय 22. माझ्या मोठ्या पुतण्याएवढा. वागायला चांगला, मला "साब" म्हणायचा, पण सल्ला विचारायचा नाही. आज मला वाटतं की त्याला भीती वाटत असावी, विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं दिसेल. तेव्हा मला वाटलं, हा मला मोजत नाही.

एके संध्याकाळी त्याने गस्तीचा मार्ग ठरवला. नकाशावर सगळ्यात जवळचा होता, एका नाल्याच्या कडेने. तो नाला मला माहीत होता. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही अर्ध्या तासात पाणी चढतं, आणि कडेचे दगड शेवाळलेले. ब्रीफिंग झालं. त्याने विचारलं, "कोई शक?" माझ्याकडे बघूनच विचारलं. आणि मी म्हणालो, "नहीं साब."

मला शक होता. पूर्ण खात्री होती. पण मनात आलं, आधी विचारलं नाहीस ना, आता बघ. एवढंच. तेवढ्यासाठी मी तोंड बंद ठेवलं.

रात्री नाल्याला पाणी आलं. कोणी गेलं नाही, देवाची कृपा. पण एका जवानाचा पाय दगडात अडकून मोडला, आणि त्याला खांद्यावर घेऊन आम्ही सात तास चाललो. 24 वर्षांचा पोरगा होता, सातारा भागातला. पुढे पाय जोडला गेला, पण पायदळातलं त्याचं काम संपलं, त्याला मेडिकल कॅटेगरी लागली. त्याच्या पायाचा हिशेब माझ्या नावावर आहे, लेफ्टनंटच्या नाही.

दुसऱ्या रात्री लेफ्टनंट माझ्या बंकरमध्ये आला. डोळे लाल. म्हणाला, "साब, आपको मालूम था न?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "तो बता देते साब." रागावला असता तर बरं झालं असतं.

उस्ताद लोकहो, चाळिशीतला शिपाई नेत्याकडे काय मागतो? आपल्याला मोजावं. आपण जे बर्फात आणि वाळूत शिकलो ते कोणी तरी विचारावं. ही मागणी रास्त आहे, मी ती आजही चुकीची मानत नाही. पण कोणी विचारलं नाही म्हणून आपण जे झाकून ठेवतो ते आपलं नसतं. ते त्या 24 वर्षांच्या पोराच्या पायाचं असतं.

हे आजचंही नाही. आमच्या खानदेशातलं तळोदे तुम्हाला माहीत असेल, नंदुरबारकडे. मल्हारराव होळकर तिथे आपल्या मामाकडे वाढले. जानेवारी 1761 मध्ये पानिपतावर ते 67 वर्षांचे होते आणि सेनापती सदाशिवराव भाऊ 30 चे. आदल्याच वर्षी भाऊंनी उदगीर मारलं होतं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा जोर डोळ्यांनी पाहिला होता. जुन्यांचं म्हणणं, बुणगे, म्हणजे न लढणारा लवाजमा, मागे ठेवावेत, गनिमी काव्याने लढावं. भाऊंचं म्हणणं, तोफा पुढे, गोल करून चालायचं. आपण शाळेत हे जुन्याचं शहाणपण आणि तरुणाचा हट्ट असं शिकतो. मी फौजेत राहून आल्यावर तसं म्हणू शकत नाही. गारद्याच्या तोफांनी त्या दिवशी समोरची फळी खरोखरच भाजून काढली होती, तेव्हा भाऊंचंही काही बरोबर होतं. बिघडलं ते हे, की 67 च्या माणसाचं शहाणपण आणि 30 च्या माणसाचं बळ एका बेतात कधी आलंच नाही.

दुसरी गोष्ट धरणगावची. 1825 साली जेम्स आउट्रम नावाचा इंग्रज लेफ्टनंट खानदेशात आला तेव्हा 22 वर्षांचा होता, माझ्या त्या लेफ्टनंटएवढाच. त्याने भिल्लांची पलटण उभी केली, ठाणं धरणगावला. तो कंपनी सरकारचं राज्य बळकट करायला आला होता, आधी भिल्लांच्या वस्त्यांवर चालून गेला होता, त्याची आरती ओवाळायची नाही. पण सातपुड्यातली जाणती, मुरलेली माणसं या कोवळ्या परक्या पोराच्या हाताखाली का उभी राहिली, हे बघण्यासारखं आहे. तो त्यांच्यात गेला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला जंगलात शिरला, जिथे त्यांना जास्त कळत होतं तिथे त्यांच्या मागे चालला. 22 च्या अधिकाऱ्याने 40 च्या माणसाला जिंकायची दुसरी वाट मला तरी माहीत नाही. तुमच्याकडे येणाऱ्या लेफ्टनंटला ही गोष्ट सांगा. आणि तो विचारायला लाजत असेल तर त्याची लाज तुम्ही मोडा.

हा वयाचा पेच पुढे वाढत जाणार आहे. कारगिलनंतर बटालियनचे कमांडर तरुण हवेत म्हणून अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींवरून 2004 पासून अधिकाऱ्यांच्या बढतीची वर्षं कमी झाली. दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. चांगलं झालं, उंचीवर पोरांबरोबर चढणारा सीओ, पलटणीचा कमांडर, हवाच. पण सुभेदारीपर्यंत पोचायला आपल्याला पूर्वीइतकीच वर्षं लागतात. म्हणजे 44 चा सुभेदार आणि 29 चा मेजर. आणि खालच्या बाजूला अग्निवीर.

14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. भरतीचं वय तेव्हा साडेसतरा ते 21 ठेवलं, पहिल्या वर्षापुरती 23 पर्यंत सूट. नोकरी चार वर्षं, मग शंभरातले फार तर 25 कायम. फौजेचं सरासरी वय 32 वरून 26 च्या आसपास यावं हा हेतू सरकारने तेव्हाच सांगितला होता. योजना चांगली की वाईट यावर मी इथे लिहीत नाही, त्यावर गावोगावच्या पारांवर पुष्कळ बोललं जातं. मला पोराच्या नजरेबद्दल बोलायचं आहे.

मी 19 ला उस्तादाकडे बघायचो तेव्हा मला माहीत होतं की हा माणूस पंधरा-सतरा वर्षं माझ्या आसपास असणार आहे. तो शिव्या देईल, रगडा देईल, पण माझ्या लग्नाला त्याचा आहेर येईल. आजच्या पोराला माहीत आहे की चार वर्षांतल्या त्याच्या कामगिरीवर ठरणार आहे, तो त्या 25 मध्ये की बाकीच्या 75 मध्ये. आणि त्या कामगिरीबद्दल जो बोलणार तो माणूस रोज सकाळी पीटीला त्याच्या समोर उभा आहे.

आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. माझ्या वडिलांकडे सालदार होते. वर्षभर ते बापाशी वाद घालायचे, अप्पा, या वावरात आज कुळवाची पाळी घालू नका, ओल जास्त आहे. बाप चिडायचा, पण ऐकायचा, आणि बरेचदा सालदारच खरा ठरायचा. पण आखाजीच्या आधीच्या महिन्यात तोच सालदार मुका व्हायचा. हो अप्पा. बरं अप्पा. ओल्यात पाळी घाल म्हटलं तरी घालायचा, कारण साल पुढे धरतात की नाही याची त्याला चिंता असायची. त्या महिन्यात बापाला वावराची खरी खबर कोणीच द्यायचं नाही.

माझ्या ओट्यावर बसलेल्या पोराची आखाजी एका महिन्याची नाही, चार वर्षांची आहे. त्याचं "नहीं साब" हे माझ्या 19 च्या भक्तीचं नाही. ते हिशेबाचं आहे. आणि त्याला मी दोष देत नाही. गस्तीवर त्याला काही दिसलं, खटकलं, उस्तादाच्या बेतात चूक जाणवली, तर तो बोलेल का? मला ही काळजी आहे. पलटणीत सगळ्यात ताजे डोळे त्याचे आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या काळात सेक्शनमध्ये वयाची एक शिडी असायची. मी 19 चा, माझ्या वरचा 22 चा, त्याच्या वरचा 26 चा, लान्स नाईक 28-29 चा, मग हवालदार. मला जे उस्तादाला विचारायची हिंमत नव्हती ते मी रात्री बॅरेकमध्ये त्या 26 वाल्याला विचारायचो. मला रडताना त्यानेच पाहिलं, आईला पत्र कसं लिहायचं हे त्यानेच सांगितलं, उस्ताद ओरडला त्याचं कारणही त्यानेच समजावलं. तो काही नेता नव्हता, त्याच्या बाहीवर काही नव्हतं. पण नेत्याचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचायचं ते त्याच्यामार्फत. चार वर्षांनी चारातले तीन घरी जाणार असतील तर ही 24 ते 28 ची मधली फळी पातळ होणार. ते काम आता तुमच्यावर येतं, उस्ताद. 38 व्या वर्षी तुम्हाला 26 च्या थोरल्या भावाचं काम करायचं आहे. अवघड आहे, वय आड येतं.

माझ्या बरोबरीचे पेन्शनर भेटतात, म्हणतात आजची पोरं कच्ची, मोबाइलची, सहन करत नाहीत, प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारतात. सहनशक्ती कमी आहे हे मीही पाहतो, भर उन्हात सावधानमध्ये उभं करा, दहा मिनिटांत हलायला लागतात. पण कच्ची नाहीत. आमच्या नंदुरबारचा शिरीषकुमार 9 सप्टेंबर 1942 ला हातात झेंडा धरून गोळीला सामोरा गेला तेव्हा त्याला सोळावंही पूर्ण झालं नव्हतं. टायगर हिलवर अंगात गोळ्या घेऊन चढलेले योगेंद्रसिंह यादव 19 चे होते, आणि 1962 साली नेफात, आजच्या अरुणाचलात, आपली प्लाटून घेऊन शेवटपर्यंत लढलेले सुभेदार जोगिंदर सिंग 41 चे. दोघांनाही परमवीरचक्र. छातीचा वयाशी संबंध नाही. वयाशी संबंध आहे तो माणूस कोणासाठी छाती पुढे करतो याचा.

आणि का विचारतात म्हणाल, तर मी मैदानावर एक प्रयोग करून पाहिला. आधी मी फक्त सांगायचो, खड्डा उडी आधी वीस वेळा. पोरं कुरकुरायची, मागची चार चोरून पंधराच मारायची. मग एके दिवशी बसवून सांगितलं की पळून झाल्यावर पाय गळलेले असतात, रॅलीत खड्डा त्याच वेळी येतो, आणि तिथे गेला तर तुमचं सगळं पळणं वाया. दुसऱ्या दिवसापासून न सांगता पंचवीस मारतात. सांगायला मला दोन मिनिटं लागली. माझ्या उस्तादाने मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. गोळी चालत असताना कारण सांगायला वेळ नसतो हे मला कोणी शिकवायला नको. पण फौजेतले बहुतेक दिवस गोळीचे नसतात, फटीगचे, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाचे, आणि हाजिरीचे असतात. त्या दिवसांत कारण सांगितलेलं असलं तर गोळीच्या दिवशी पोरगा कारण विचारत नाही.

माझं मागणं थोडं आहे. मार्क तुम्हाला द्यावेच लागतील, तो हुकूम आहे. पण ते मनात ठेवून देऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी पोराला एकटं बसवा आणि तोंडावर सांगा, फायरिंग चांगलं, ड्रिल कमी, परवा पहाऱ्यावर डुलक्या काढत होतास. लंगराच्या भिंतीवरच्या फळ्यासारखं. कळलं की माणूस भ्यायचा थांबतो. आणि त्याने एखादी शंका विचारली, तुमची चूक दाखवली, तर त्या दिवशी त्याच्या नावापुढे काही वाईट लिहू नका. जमलं तर चांगलं लिहा, आणि ते इतरांसमोर बोला. एकदा एका पोराचं असं झालेलं बाकीच्यांनी पाहिलं की पुढचं तुम्हाला सांगावं लागणार नाही.

सुट्टीचंही बघा. आपल्याला 60 दिवस आणि वर 30 मिळायचे, त्याला वर्षाला 30 आहेत. 29 ला मला जो न्याय लागला तो त्याला 20 ला लागतो आहे, कारण दिवसच कमी आहेत. त्याचं वय भक्तीचं आणि गरज संसारी माणसाची, असा हा पेच आहे. घरी बहिणीचं लग्न ठरलं असेल तर तारखेच्या आधी विचारा, तो स्वतःहून सांगायला घाबरतो.

जे 75 जाणार आहेत त्यांच्याबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीस भरत येतात. निरोपाच्या आधी शेवटचे सहा महिने त्यांना लंगरातल्या आणि साफसफाईच्या कामाला लावून मोकळे होऊ नका. सुमारे 11 लाख 71 हजार रुपये हातात घेऊन 22-23 व्या वर्षी ते गावी येतील. इथे ते आमच्या मैदानावर, ग्रामपंचायतीत, पोलीस भरतीच्या रांगेत असतील. नेता कसा असतो हे त्यांनी आयुष्यात फक्त तुमच्याकडे पाहिलेलं असेल. तसंच ते पुढे वागतील, आपल्या पोरांशी, आपल्या मजुरांशी.

आणि ज्याला माझ्यासारखं "नहीं साब" म्हणावंसं वाटेल, समोर 22 चा लेफ्टनंट उभा आहे आणि आपल्याला नाला माहीत आहे, त्याने कृपा करून बोलावं. विचारलं नाही तरी बोलावं. रागाने बोलावं लागलं तरी बोलावं.

तो पोरगा परवा परत गेला. अमळनेरला गाडीत बसवायला मीच गेलो होतो. आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. गाडी हलायच्या आधी मी त्याला म्हणालो, पुढच्या वेळी "कोई शक?" म्हटलं की एक तरी शक विचार, छोटा का होईना, पाण्याची बाटली किती घ्यायची एवढा. तो हसला आणि म्हणाला, "इचारसू आप्पा, पन तुमी उस्तादले बी सांगा."

म्हणून हे सांगितलं. तुमच्यापैकी कोणी सुट्टीवर खानदेशात येणार असेल, जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही, तर एक दिवस पहाटे पाचला आमच्या मैदानावर या. बोरीच्या पुलाच्या अलीकडे, उजव्या हाताला. तीस-पस्तीस पोरं असतात. त्यांना पळवू नका, ते मी करतो. खाली बसा आणि तुम्ही 19 चे होता तेव्हा तुमच्या उस्तादाला काय विचारायचं राहून गेलं, तेवढं त्यांना सांगा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
पारोळा तालुका, जिल्हा जळगाव